जुन्या लाकडाची पारख

नागपुरातील जुन्या घरांतून फिरताना एक वाक्य हटकून कानी पडते. ओसरीच्या वा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादी काळीभोर, कोरीव, दोघांनी उचलावी इतकी जड खुर्ची मांडलेली असते, घरधनी तिच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "ही भोसल्यांच्या अमदानीतली बरे का!" पुण्यास हीच खुर्ची पेशव्यांची होते आणि ग्वाल्हेरीस शिंद्यांची. नाव बदलते, खुर्ची तीच. आजवर अशा ज्या खुर्च्या आमच्या पाहण्यात आल्या त्यांपैकी एकीनेही भोसल्यांचे राज्य पाहिलेले नव्हते असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे ह्या महिन्यात सांगावयाचे योजले आहे. खुर्चीचा मान कमी करावा हा त्यातील हेतू नाही. परंतु खुर्चीला नसती वंशावळ चिकटविली म्हणजे त्याच घरात माळ्यावर पडलेल्या खरोखर जुन्या वस्तूकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि घर पाडताना ती वस्तू भंगारात जाते. जुनी घरे आज भराभर पडत आहेत. तेव्हा ही पारख ज्याने त्याने आपल्या घरापुरती तरी शिकून घ्यावी.

सक्करदऱ्यात राहणाऱ्यास हा विषय टाळता येण्यासारखा नाही. भोसल्यांनी शहराभोवती ज्या बागा लावल्या त्यांत तुळशीबाग, तेलंगखेडी ह्यांच्या जोडीने सक्करदऱ्याचीही बाग होती. येथला तलाव, राजघराण्याचा येथला वाडा आणि त्या वाड्यात १९०८ साली रघुजीराव भोसल्यांनी आदराने आणून ठेवलेले ताजुद्दीन बाबा, ह्यांच्या गोष्टी वस्तीतील थोरामोठ्यांच्या बोलण्यात अजून येतात. अशा ठिकाणी प्रत्येक जुन्या लाकडाला राजवाड्याचा वास येऊ लागला तर नवल नाही.

पण राजवाड्यातील सामानाची गत काय झाली, हे आधी पाहावे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्र मागे न ठेवता वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. पाठोपाठ राजवाड्याचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस विकावयास निघाले. मग सामानाची पाळी आली. १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिणारा इंग्रज ग्रंथकार जॉन के ह्याने नमूद करून ठेवले आहे की, वाड्यातले सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असे वृद्ध राणी बाकाबाईसाहेबांनी बजावले होते. तरीही सामान हलले, आणि घराण्याचे जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. बाकाबाईसाहेब १८५८ साली निवर्तल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, १८६४ साली, काळ्या दगडाचा आणि लाकडावरील कोरीव कामाने मढलेला तो महालातला वाडा आगीत खरोखरच भस्म झाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत आधी वाड्यातील वस्तू गेल्या आणि मग वाड्याचे लाकूडही गेले. राजाच्या बैठकीतली म्हणून जी वस्तू आज दाखविली जाते, तिला ह्या दोन संकटांतून पार पडून यावे लागले असले पाहिजे. इतके भाग्य फार थोड्या लाकडाच्या कपाळी असते.

आता दुसरा प्रश्न. भोसल्यांच्या वा पेशव्यांच्या काळी बैठकीत खुर्ची होती काय? पुण्याच्या दरबारात १७९० साली टिपूविरुद्ध तह झाला, त्या प्रसंगाचे एक मोठे चित्र टॉमस डॅनिएल ह्या इंग्रज चित्रकाराने जेम्स वेल्स ह्याच्या रेखाटनांवरून १८०५ साली पुरे केले. त्यात सवाई माधवराव जमिनीवरील गादीवर बसले आहेत. भोवती मुत्सद्दी व सरदार बिछायतीवर बसले आहेत. आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट व त्याचे सोबतीही तसेच खाली बसले आहेत. एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात उंच आसन म्हणून नाही. मग सुताराचे सगळे कसब गेले कोठे? चित्रात नजर वर करावी, म्हणजे ते दिसते. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, खांबाखांबांमधल्या पाकळ्यापाकळ्यांच्या महिरपी, त्यांवरील पाने आणि वेली! जमिनीवर गालिचा आणि लोड, भोवताली कोरीव लाकूड, अशी ती रचना. आपल्या जुन्या घराचे खरे फर्निचर म्हणजे घरच. जी थोडी हलती वस्तू असे, ती त्या घराचे लेकरू असे. खांब घडविणाऱ्या सुतारानेच उरल्या लाकडात ती घडविलेली असे. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढली पारख सोपी जाते.

भाषाही हीच साक्ष देते. अमरसिंहाने आपल्या कोशात मंच, पर्यंक, पल्यंक आणि खट्वा हे शब्द एका ओळीत बसविले. त्यांतून आपला माचा, आपला पलंग आणि आपली खाट उतरली. पीठ ह्या शब्दापासून पिढे आले. चौरंग, पाट, पेटारा, फडताळ, देव्हारा हे शब्द घराघरांत रुळलेले. ह्या सगळ्या वस्तू एक तर जमिनीलगत बसण्याच्या, नाही तर निजण्याच्या वा साठवणाच्या. खुर्ची अरबीतून आली, तख्त व मेज फारसीतून, अलमारी पोर्तुगीजांकडून आणि कोच इंग्रजांकडून. गंमत अशी की कपाट हा शब्द अस्सल संस्कृत असला तरी संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. ज्याला दारे आहेत ते कपाट, असा अर्थ मराठीने मागाहून ताणून घेतला. उलट, आपली तिपाई इंग्रजांनी उचलून नेली आणि 'टीपॉय' करून परत पाठविली. आता आम्हीच तिला टीपॉय म्हणून ती विलायती समजतो. ह्या व्यवहारात कोणी कोणाचे किती देणे लागतो, त्याचा हिशेब सोपा नाही.

देशी वस्तूची पहिली खूण तिची उंची. चौरंग, पाट, देव्हारा, लिहिण्याची उतरती डेस्कवजा पेटी, ह्या सर्व मांडी घालून बसलेल्या माणसाच्या मापाने केलेल्या असतात. वस्तू पाहताना उभे राहून पाहू नये. समोर मांडी घालून बसावे. नक्षी नजरेसमोर आली तर वस्तू बैठकीची. उभ्याने वा खुर्चीवरून पाहताना नक्षी नीट दिसते, ती वस्तू मागाहूनची. आमच्या वऱ्हाड-नागपुरात जिला बंगई म्हणतात त्या झोपाळ्यालाही हाच नियम लावावा. जुन्या बंगईची नक्षी फळीच्या कडेला आणि पितळी कड्यांवरच्या पोपट-मोरांत असते, कारण खाली जाजमावर बसलेल्यास तेवढेच दिसते. पाठ टेकावयास उंच कोरीव कठडा लावलेली बंगई बहुधा पुढल्या काळची.

दुसरी खूण नक्षीची भाषा. मराठी सुताराच्या पटाशीतून ठरावीक गोष्टी उतरतात: पिळाच्या दोरीसारखी कड, तिच्याखाली उभ्या पानांची रांग, मग मण्यांची माळ, कमळाची पाकळी, खांबाच्या माथ्याशी लोंबणारे केळफूल, चौकटीच्या वरच्या पट्टीत गणपती. लाकूड आरपार कापून जाळी करण्याचा सोस थोडा. पाठीला भरीव लाकूड ठेवून वरवर उठाव काढावा, ही रीत. पाय असेल तर तो कातारी लोकांनी चरकावर उतरविलेला, मडक्यावर मडके ठेवावे तसा गाठीगाठींचा. कित्येकदा वर लाखेचा रंग. ह्याच आकृती त्या घराच्या खांबावर, हस्तांवर आणि दाराच्या चौकटीवर असतात. म्हणून घर उभे असेल तोवर पारख करणाऱ्याने एवढेच करावे: वस्तू उचलून खांबाजवळ न्यावी आणि दोहोंची पाने ताडून पाहावी. जुळली तर ती सख्खी भावंडे. हा ताळा खोटा ठरणे कठीण, कारण दलालाला पेटीची नक्कल करता येते. तुमच्या घराच्या खांबाची नक्कल करण्याचा खटाटोप तो कशाला करील? ज्यांचे घर आधीच पडले त्यांनी महालातला चिटणीसांचा वाडा पाहावा, किंवा पुण्यास जावे, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधून पुरा केलेला विश्रामबागवाडा आणि दिनकर केळकरांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंचे राजा केळकर संग्रहालय, ही दोन ठिकाणे चुकवू नयेत.

तिसरी गोष्ट लाकडाची. वराहमिहिराने बृहत्संहितेत शय्या आणि आसने ह्यांच्या लक्षणांवर एक अध्यायच लिहिला आहे, आणि त्याच्या विचाराचा आरंभ लाकडापासून होतो. असन, चंदन, हरिद्र म्हणजे आपला हळदू, काश्मरी म्हणजे शिवण, शाक म्हणजे साग, शिंशपा म्हणजे शिसवीची बहीण, ही त्याने शुभ मानली. विजेने, वाऱ्याने वा हत्तीने पाडलेले झाड वर्ज्य, पाखरांची घरटी असलेले वर्ज्य, स्मशानातले वर्ज्य. लाकडातील छिद्रांचे सहा प्रकार करून त्यांना त्याने नावेही दिली आहेत. त्यांत डुकराच्या डोळ्यासारखे दिसते ते सूकरनयन. राजाची शय्या शंभर अंगुळे लांब असावी, राजपुत्राची नव्वद, मंत्र्याची चौऱ्याऐंशी, सेनापतीची अठ्ठ्याहत्तर. पुरोहिताला मात्र बहात्तरच. भटजींनी पाय आखडून निजावे असा शास्त्राचा आशय दिसतो! चेष्टा सोडली तरी चौदा शतकांपूर्वीचा ग्रंथकार वस्तू पाहताना आधी लाकूड विचारतो, ही शिस्त आजही उपयोगी पडते. आमच्या भागात चांदा आणि आलापल्लीचा साग हाताशी, म्हणून येथील जुने काम बहुधा सागाचे. ती ख्याती अजून टिकून आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान निघाले ते बल्लारपुराहूनच. साग पिवळट तपकिरी, हाताला किंचित तेलकट. शिसवीचे लाकूड जांभळट काळे, फार जड. ते मुख्यतः मलबार आणि कानड्याच्या जंगलांतले. तेव्हा नागपुरात शिसवी वस्तू दिसली की ही पाहुणी कोठून आली, हा प्रश्न पहिला विचारावा. अनेकदा उत्तर असे निघते की ती शिसवी मुळी नाहीच. सागाला काळे रोगण फासलेले आहे. वस्तू उलटी करून, जिथे कोणाची दृष्टी जात नाही तिथे नखाएवढी जागा खरवडावी. आत पिवळे निघाले की सोंग उघडे पडले.

आता त्या काळ्या खुर्चीकडे वळू. तिचे माहेर मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. कोटातला मेडोज रस्ता ह्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. घडविणारे आपले देशी कारागीर, गिऱ्हाईक प्रथम गोरे साहेब आणि धनिक पारशी, आणि मूळ नमुना युरोपचा. तो नमुनाही एका पिढीचा नव्हे. फ्रान्सात पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत वाकड्या पायांची आणि वेलबुट्टीची जी शैली बहरली, ती इंग्लंडात टॉमस चिपेंडेल ह्याने १७५४ साली छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकासारख्या ग्रंथांतून सुतारांच्या हाती गेली; पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिचे पुनरुज्जीवन झाले आणि अशीच चित्रांची पुस्तके हिंदुस्थानात आली. आपल्या कारागिराने पाय तसाच वाकडा ठेवला. पण पानांची जागा आली तेथे त्याचा हात आवरला नाही. युरोपच्या पाठीवर जेथे चार पाने, तेथे त्याने चाळीस कोरली. द्राक्षांचे घोस, पोपट, मोर भरले. आणि सगळे लाकूड आरपार पोखरून जाळी केली.

ह्या मुंबईकर शैलीच्या खुणा एकदा कळल्या की चुकत नाहीत. पाठ उंच आणि आरपार कोरलेली. माथ्यावर फुलांचा तुरा वा मुकुट. पुढले पाय गुडघ्यात बाहेर आणि घोट्यात आत वळलेले. बसण्याची जागा वेताच्या जाळीची किंवा गादी ठोकलेली. तळाशी कधी पितळी चाके. गोल मेज असेल तर ते चार पायांऐवजी मधल्या एका जाड खांबावर उभे. कोच असेल तर त्याच्या पाठीला दोन किंवा तीन गोल चौकटी. मागील बाजू मात्र बहुधा साधी, कारण ही वस्तू भिंतीला टेकून मांडावयाची.

पायाच्या शेवटी सिंहाचा पंजा असेल तर घरातील मंडळी विशेष ठासून सांगतात, "पाहा, सिंहासनाचाच पाय!" येथेच बहुतेक फसतात. आपल्या शिल्पातील सिंहासनाला सामान्यतः सगळाच्या सगळा सिंह असतो. तो बसून वा उभा राहून आसन तोलतो, त्याला तोंड असते, आयाळ असते. मुंबईच्या खुर्चीला नुसता पंजा, आणि पंजाच्या वर सिंहाऐवजी पान! तो पंजा ग्रीस-रोमहून फ्रान्स आणि इंग्लंडमार्गे आला. पंजात चेंडू धरलेला असेल तर संशयाला जागाच राहिली नाही. तो इंग्रजी नमुनाच.

कोणी म्हणेल, राज्य असताना नागपुरात इंग्रज होतेच की. त्यांच्याकडून खुर्ची आली नसेल कशावरून? आली असेल. प्रसिद्ध संस्कृतज्ञ कोलब्रुक १७९९ ते १८०१ पर्यंत नागपूर दरबारी वकील म्हणून राहून गेला. जेनकिन्स १८०७ पासून वीस वर्षे येथे रेसिडेंट होता. पण त्या काळच्या इंग्रजी खुर्चीचे रूप निराळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत वाकडे पाय मागे पडून सरळ, खाली निमुळते, काठीसारखे पाय आले होते. पुढे तलवारीसारखे बाकदार झाले. कोरीव काम अगदी बेताचे. म्हणजे १८५४ पूर्वी रेसिडेन्सीकडून एखादी खुर्ची वाड्यात गेली असेल, तर ती सडसडीत आणि उघडी दिसेल; तुरेदार काळी असणार नाही. अशी एखादी साधी खुर्ची कोणाच्या घरी असेल तर तिच्याकडे आम्ही अधिक आदराने पाहू.

मग काळी खुर्ची नागपुरात केव्हा आली? १८६१ साली मध्यप्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८६७ साली मुंबईची रेल्वे येथे पोहोचली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कचेऱ्या वाढल्या, न्यायालये वाढली, वकील आणि अंमलदार ह्यांचा नवा वर्ग उदयास आला, आणि साहेब भेटीस आला तर बसवावयाचे कोठे हा प्रश्न घरोघर उभा राहिला. जाजमावर बूट घालून बसता येत नाही! मुंबईहून मालगाडीने खुर्ची आली ती ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. ती ओसरीवर मांडली गेली, माजघरात नव्हे. पुढे दोन पिढ्या आत पाटच राहिला. पुरुष कचेरीत खुर्चीवर बसत आणि घरी येऊन सोवळ्याने पाटावर जेवीत. बायकांना तर ती खुर्ची पुसण्यापुरतीच ठाऊक. ह्या खुर्चीला राजाची म्हणण्यापेक्षा आपल्या पणजोबांच्या पहिल्या वकिलीची म्हणावे, हे आम्हांस अधिक भूषणास्पद वाटते. भोसल्यांशी आपले नाते असेल नसेल. पणजोबांशी तर आहे.

हे झाले रूपाविषयी. परंतु रूपाची नक्कल होते, म्हणून शेवटी वस्तू उलटी करून तिचे पोट पाहावे. सुतार तेथे खोटे बोलत नाही. जुन्या कामात एका लाकडाला कुसू, म्हणजे जिभेसारखे टोक, काढून ते दुसऱ्याच्या खाचेत बसवीत आणि आडवी लाकडी खुंटी मारीत. लोखंडी खिळा असला तर तो लोहाराने ठोकलेला. डोके ओबडधोबड, अंग चौकोनी. तारेचा गोल गुळगुळीत खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे प्रचारात आला. स्क्रू असेल तर एखादा हलक्या हाताने काढावा. टोक बोथट असेल तर तो जुना. अणकुचीदार टोकाचे स्क्रू १८४० नंतरच्या दशकांत यंत्रावर होऊ लागले. फळीच्या आतल्या अंगावर करवतीच्या सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे हाताने कापलेली फळी. कमानीसारख्या वळलेल्या रेघा म्हणजे गोल यंत्रकरवत. वाकसाने तासल्याच्या खाचा असतील तर त्या बोटांनाच जाणवतात. आणखी एक ताळा फार थोड्यांना माहीत असतो. लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. रेषांच्या आडवे अधिक आणि लांबीकडून जवळजवळ नाहीच. त्यामुळे चरकावर गोल उतरविलेला पाय शंभर-दीडशे वर्षांनी किंचित लंबगोल होतो. दोन बाजूंनी माप घ्यावे. अगदी तंतोतंत गोल निघाला तर पाय तरी नवा किंवा विकणारा तरी लबाड.

जुन्या वस्तूला कोणी तैलरंग फासू नये. मऊ कपड्याने धूळ काढावी, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, वाळवीसाठी पाय भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. वेताची जाळी फाटली तर तेथे प्लायवुड ठोकण्यापेक्षा वेत विणणारा शोधावा. ह्यापलीकडे लाकूड फारसे मागत नाही.

अलीकडे आमच्याच वस्तीतील एका घरी वाटणी होऊन घर बांधकामवाल्याकडे देण्याचे ठरले. तिघे भाऊ समंजस, सगळे सामोपचाराने चालले होते. अडले ते एका काळ्या खुर्चीपाशी. दलालाने तिची चांगली किंमत सांगितली होती, शिवाय "भोसलेकालीन" असे स्वतःच्या हाताने लिहूनही दिले होते. माजघरातली सागाची एक लांब पेटी, जिच्यात वर्षाची चिंच असे, ती त्याने भंगारात धरली होती. थोरल्यांनी आम्हांस बोलावले. "मास्तर, तुम्हीच काय ते सांगा, म्हणजे मनात किल्मिष राहणार नाही." आम्ही खुर्ची उलटी करावयास सांगितली. स्क्रू अणकुचीदार, चाकांवर इंग्रजी अक्षरे. मग पेटी बाहेर ओढविली. तळाला वाकसाच्या खाचा, कोपऱ्यांना लाकडी खुंट्या, आणि चिंचेच्या राबाखाली दर्शनी पट्टीवर दोरीची कड व उभी पाने. धाकट्याने ओल्या फडक्याने ती पट्टी पुसली आणि न सांगताच मान वळवून माजघराच्या खांबाकडे पाहिले. तीच दोरी, तीच पाने. एका पानाचे टोक दोन्हीकडे सारखेच डावीकडे झुकलेले, सुताराच्या हाताची खोडच ती.

थोरल्यांनी खुर्ची घेतली. पणजोबा तीवर बसून अशिलांशी बोलत हे त्यांना आजोबांकडून ठाऊक होते आणि तेवढे त्यांना पुरले. पेटीसाठी आता मधले आणि धाकटे दोघेही पुढे झाले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या माई, त्यांच्या विधवा आत्या, म्हणाल्या, "मला दिली तर गोधड्या ठेवीन हो. चिंच मीच भरीत आले चाळीस वर्षे." कोणी काही बोलले नाही. पेटी माईंच्या खोलीत गेली.

खांबांचे मात्र आधीच ठरले होते. ते वजनावर विकलेले होते, आणि दिलेला शब्द मोडावा असे तिघांनाही वाटेना. माईंच्या नातीने शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद खांबावर धरून पेन्सिल आडवी घासली आणि त्या पानपट्टीचा हातभर ठसा उतरवून घेतला. तो पेटीच्या झाकणाला आतून खळीने डकवला आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी खांब ट्रकात भरून उमरेड रस्त्याने गेले.